विसाच्या आतले आपण

मी ३० जून २०२३ रोजी निवृत्त झालो. छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवले. लागलो तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, पण माझी शाळा होती तिथेच राहिली, छत्तीसगडच्या सीमेलगत, जंगलाच्या कडेला. नोकरीत असताना वर्तणूक नियमांमुळे सरकारच्या धोरणावर जाहीर बोलता येत नसे. आता येते, म्हणून लिहितो आहे.

निवृत्तीला आठवडा झाला आणि ७ जुलै २०२३ ला सरकारने आदेश काढला. रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना कंत्राटी पद्धतीने घ्या, महिन्याला वीस हजार रुपये मानधन द्या. ओळखीच्या एका साहेबांनी मला विचारलेही, "गुरुजी, घरी बसून काय करता? या परत." मी नाही म्हणालो. त्याचे कारण माझ्या शेजारी राहते. आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा डी.एड. आहे, टीईटी पास आहे, त्याच वर्षी त्याने अभियोग्यता चाचणीही दिली होती आणि तेव्हा तो एका राईस मिलमध्ये हिशेब लिहीत होता. त्याच्या हक्काच्या खुर्चीवर मी पेन्शन घेऊन पुन्हा कसा बसू?

मला वाटले, त्याला बरे वाटेल. तो म्हणाला, "चाचा, आपने मना किया, तो क्या वो पोस्ट मुझे मिल जाएगी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. ती जागा त्याला मिळणार नव्हती, कारण सरकारला ती कायमची भरायचीच नव्हती. हा लेख त्याच्यासाठी आहे आणि त्याच्या वयाच्या तुम्हा सगळ्यांसाठी.

आधी आकडा समजून घ्या

सप्टेंबर २०२३ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. १८ तारखेला 'दत्तक शाळा' योजनेचा शासन निर्णय आला. कंपनी किंवा देणगीदाराने सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची आणि हवे असल्यास शाळेला तेवढ्या काळापुरते आपले नाव द्यायचे. ग्रामीण भागातल्या शाळेची किंमत ठरली पाच वर्षांना ५० लाख, दहा वर्षांना १ कोटी. तीनच दिवसांनी, २१ तारखेला, शिक्षण आयुक्तांचे पत्र निघाले. विसापेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करता येतील का, त्याचे प्रस्ताव १५ ऑक्टोबरपर्यंत पाठवा. नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळचे आणि पुण्याच्या पानशेतचे नाव पुढे केले. तेव्हा राज्यात अशा १४ हजार ७८३ शाळा होत्या. त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ मुले शिकत होती.

मग आला १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा निर्णय. शाळेत मुले किती, म्हणून शिक्षक किती, याचा दरवर्षीचा हिशेब म्हणजे संचमान्यता. नव्या हिशेबात सहावी ते आठवीला विसापेक्षा कमी मुले असतील तर मंजूर शिक्षक शून्य. चुकून छापलेले नाही, शून्यच. मुले आहेत, वर्ग आहे, पुस्तके आहेत, शिक्षक नाही.

आता शिक्षण हक्क कायदा काय म्हणतो ते पाहा. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत लिहिले आहे की पहिली ते पाचवीला साठपर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक हवेत. सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक हवा, म्हणजे विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्राला एक, भाषेला एक. त्यात 'वीस मुले असतील तरच' असे कुठेही नाही. कायदा संसदेचा आहे. शासन निर्णय मंत्रालयातला आहे. त्यातला मोठा कोण, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आम्हीच मुलांना शिकवतो.

पट पडला की पाडला?

सरकारची बाजूही ऐकून घेऊ. ते म्हणतात, आठ-दहा मुलांच्या शाळेत मुलांना सवंगडी मिळत नाहीत, खेळ होत नाहीत, एक मास्तर चार वर्ग सांभाळतो. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा देऊ, ग्रंथालय देऊ, यायला गाडी देऊ. यात खोटे काही नाही. एकाच खोलीत चार वर्ग मी स्वतः सांभाळले आहेत. पहिलीला बाराखडी गिरवायला लावायची, तिसरीला पाढे, आणि तोवर चौथीचे पोरगे खिचडीच्या तांदळाचा हिशेब मांडत बसलेले. त्याचे कौतुक करावे असे त्यात काही नाही.

पण मास्तर एकटा पडला, कारण दुसरा दिलाच नाही. आणि पट घसरला तो आभाळातून गारा पडाव्यात तसा घसरलेला नाही. २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. पैसा असेल त्याने शाळा काढावी. त्याच वर्षी शिक्षक भरतीला खीळ बसली आणि पुढे कित्येक वर्षे ती निघाली नाही. तेव्हा सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचे होते. डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आतल्या १ हजार ३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा भाजप-शिवसेनेचे होते. सरकारे बदलली, मंत्री बदलले, हिशेब तोच राहिला. एका बाजूने गावोगाव पिवळ्या बसगाड्या येऊ दिल्या, दुसऱ्या बाजूने जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक दिला नाही. जे शिक्षक उरले त्यांच्या हातात मतदार याद्या, सर्वेक्षणाचे कागद आणि रोज नवे ॲप दिले. मग आईबाप म्हणाले, तिथे शिकवतच नाहीत. पोरे निघून गेली. आता सरकार म्हणते, पटच नाही तर शाळा कशाला?

आमच्या भागात 'एक किलोमीटर' हा शब्द मुंबईत वाटतो तसा नसतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या टोल्यांवर मधे नाला असतो. पावसाळ्यात त्यावर पाणी चढते आणि दोन-दोन दिवस उतरत नाही. मधे जंगल असते, जंगलात अस्वल असते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आमच्याच जिल्ह्यात आहे, वाघ काही वेशीवर थांबत नाही. शाळा लांब गेली की मुलगा महिनाभर सायकल हाणतो. मुलगी पहिल्या दिवसापासून घरी बसते. तिचे नाव पटावर वर्षभर असते, ती नसते. एप्रिल-मेमध्ये आईबाप तेंदूपत्त्याला जातात तेव्हा धाकट्यांना ती सांभाळते आणि जूनमध्ये ती शाळेचे नाव काढत नाही.

"हे आपलं नाही"

गेल्या वर्षी काही तरुणांनी मला बैठकीला बोलावले होते. हुशार पोरे. आरक्षणावर बोलले, वक्फवर बोलले, बंद पडलेल्या शिष्यवृत्त्यांवर बोलले. मी समूह शाळांचा विषय काढला तर एकजण आदराने म्हणाला, "गुरुजी, वो तो गांव-देहात का मसला है. अपना नहीं."

शिष्यवृत्तीचा राग रास्त आहे. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली. त्याच डिसेंबरात मौलाना आझाद फेलोशिपही बंद केल्याचे सांगितले. कारण देताना म्हणाले, शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आहेच, मग शिष्यवृत्ती कशाला? ते वाक्य नीट लक्षात ठेवा. कायदा आहे म्हणून शिष्यवृत्ती काढली, आणि आता कायद्यातली शाळाही काढायची.

पाच टक्के आरक्षणाचेही तसेच. जुलै २०१४ मध्ये अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुस्लिमांच्या शिक्षणातल्या आरक्षणाला हात लावला नाही. नव्या सरकारने कायदा केला नाही आणि अध्यादेश डिसेंबरात आपोआप संपला. त्यासाठी लढलेच पाहिजे. पण आरक्षण लागते अकरावीनंतर, कॉलेजच्या दारात. त्या दारापर्यंत पोहोचणारे किती?

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच गळली. त्याच अहवालाने हेही सांगितले की मदरशात जाणारी मुले शंभरातली तीन-चार. म्हणजे मुस्लिम मूल शाळेत जात असेल तर ते बहुतेक तुमच्या-माझ्यासारखेच साध्या शाळेत जाते, आणि गरिबाचे मूल असेल तर सरकारी शाळेत. देशभर वाद मात्र त्या तीन-चारांवर चालतो. विरोधक त्यावरच बोलतात आणि आपणही त्यांना उत्तर देण्यातच दिवस घालवतो. बाकीच्यांची शाळा गेली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आमच्या जिल्ह्यात मुस्लिमांची संख्या थोडी. गोंदिया शहर सोडले तर गावात दोन घरे, चार घरे. एक बांगड्या विकणारा, एक सायकल-पंक्चरवाला, एक किराणा. यांच्या पोरांसाठी वेगळी शाळा कोण काढणार? ती गोंड, हलबा, पोवार, कोहळी यांच्या पोरांच्या पंगतीला बसून खिचडी खातात, त्यांच्याबरोबरच मार खातात आणि त्यांच्याबरोबरच पाढे म्हणतात. त्या गावात शेखाच्या पोराला 'आपला' म्हणणारी माणसे त्या पंगतीत तयार होतात. शाळा उठली की ती पंगत उठते. मग आदिवासी पोरगे आश्रमशाळेत, पैसेवाल्याचे कॉन्व्हेंटमध्ये, आणि आपले पोरगे बापाच्या दुकानात.

उर्दू शाळांचे तर आणखी अवघड. मराठी शाळा बंद झाली तर पुढची मराठी शाळा दोन-तीन किलोमीटरवर तरी सापडते. उर्दू शाळा बंद झाली तर पुढची उर्दू शाळा बहुधा दुसऱ्या तालुक्यात असते.

विसावे नाव

एक प्रसंग सांगतो. निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा. संचमान्यतेसाठी फक्त आधार जुळलेली मुले मोजायची, असा आदेश होता. आमच्या सहावी-सातवीला मिळून वीस मुले होती. पोर्टलवर एकोणीसच दिसत. विसावी होती बांगडीवाल्याची मुलगी. शाळेच्या दाखल्यावर 'शेख' आधी, आधार कार्डावर 'शेख' नंतर, आणि तिच्या बापाच्या नावातला एक हर्फ इकडचा तिकडे. बाप तीनदा आधार केंद्रावर गेला. तीन दिवसांचा धंदा बुडाला. तिथे कधी नेट नव्हते, कधी जन्मदाखला हवा होता.

मुलगी रोज पहिल्या बाकावर बसत असे. हजेरीला सगळ्यांत मोठ्याने "हजर" म्हणत असे. सरकारी हिशेबात ती वर्षभर शाळेतच नव्हती.

तेव्हाच्या नियमांत त्या एका नावाने शिक्षक गेला नाही. आजचा नियम असता तर गेला असता. वीसऐवजी एकोणीस म्हणजे शिक्षक शून्य. आणि गाव काय म्हणाले असते? गुरुजी गेले ते शेखाच्या पोरीचा कागद जुळला नाही म्हणून. ज्यांच्या कागदावरच्या नावात नेहमी घोळ होतो अशी माणसे कोण आहेत, ते मोजून पाहा. भटके, आदिवासी, बाहेरगावी मजुरीला जाणारे आणि आपण.

भाषेतही वीस

२०२५ मधला हिंदीचा गोंधळ आठवा. १६ एप्रिलच्या निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आली. १७ जूनला शब्द बदलून पुन्हा आली, आणि त्यात एक अट होती. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान वीस विद्यार्थी हवेत, तरच शिक्षक मिळेल. नाहीतर ऑनलाइन.

पुन्हा वीसच. आमच्या सीमेवरच्या गावात पहिलीतले मूल घरी गोंडी किंवा पोवारी किंवा छत्तीसगडी बोलते, बाजारात हिंदी बोलते, शाळेत मराठी शिकते. आपले मूल घरात हिंदी-उर्दू बोलते. त्याला हिंदी शिकवायला शासन निर्णय लागत नाही, आठवडी बाजार पुरतो. त्याला गोंडीचे अक्षर हवे आहे, उर्दूचे हवे आहे. पण विसांत ते कधीच बसणार नाही. विसाची अट घातली की दार बंद झाले, आणि कोणी बंद केले ते दिसतही नाही.

हे दोन्ही निर्णय २९ जूनला मागे घ्यावे लागले, कारण लेखक, पालक, शिक्षक, विरोधी पक्ष एकाच वेळी उभे राहिले. हे एकदाच घडलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्के गरीब मुले घेण्यातून सूट दिली. पालक न्यायालयात गेले, १९ जुलैला उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनाच्याच दिवशी, वीस किंवा कमी पटाच्या शाळेत एक शिक्षक पंधरा हजारांवर कंत्राटी नेमण्याचा आदेश निघाला. २५ सप्टेंबरला राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर उतरले. पुढे तोही निर्णय मागे गेला. संचमान्यतेचा निर्णय मात्र टिकवून धरला आहे. तो रद्द करा म्हणून ५ डिसेंबर २०२५ ला शिक्षकांनी शाळा बंद ठेवल्या.

या प्रत्येक मोर्चात मी आपली पोरे शोधली. शिक्षक होते. शिक्षक नसलेली आपली माणसे, पालक म्हणून, नागरिक म्हणून, मला फार थोडी दिसली.

आमचाही दोष सांगतो

शिक्षक धुतल्या तांदळाचे नाहीत. आमच्यातले पुष्कळ जण गोंदियात राहून गावाला जाऊन-येऊन नोकरी करतात. गाडी चुकली की पहिला तास बुडतो. पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये आम्ही आठवडाभर संप केला. शाळा बंद होतात म्हणून तेवढ्या दिवसांचा संप कधी केला नाही. आणि माझे स्वतःचे सांगतो. मोठी मुलगी मी माझ्याच शाळेत शिकवली. धाकटा आला तोवर हातात पैसे खेळू लागले होते, त्याला इंग्रजी शाळेत घातले. गावातल्या एका बाईने मला विचारले होते, "गुरुजी, तुमचा पोरगा नाही आमच्या शाळेत?" त्या प्रश्नाला मी हसून वेळ मारून नेली. पट घसरण्यात माझ्या घरचेही एक नाव आहे.

बिरादरीचेही तेच. आपण दहावीच्या गुणवंतांचे सत्कार करतो, शाली देतो, मोमेंटो देतो. पहिलीत नाव न घातलेल्या पोरांची यादी कोणाकडे नाही. पैसा जमला की इंग्रजी शाळा काढण्याचे बेत होतात, मग तिथली फी आपल्याच पंक्चरवाल्याला परवडत नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते. सारा भरतो शेतकरी आणि खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर, प्राथमिक शिक्षणाकडे कोणी पाहत नाही. फुल्यांच्या शाळांच्या कामात उस्मान शेख आणि फातिमाबी होते, असे आपण अभिमानाने सांगतो. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. पण फातिमाबींनी मुस्लिमांची वेगळी शाळा मागितली म्हणून आपण त्यांना आठवत नाही. ज्यांना कोणी शिकवायला तयार नव्हते त्या सगळ्यांच्या पोरींसाठी त्या राबल्या, म्हणून आठवतो.

आता काय करायचे

भाषण पुरे. कामे सांगतो, सगळी तुमच्या आवाक्यातली.

आपल्या वस्तीच्या सरकारी शाळेत जा आणि शाळा व्यवस्थापन समितीत कोण आहे ते विचारा. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. बहुतेक ठिकाणी समिती कागदावर असते आणि सह्या घरपोच होतात. आपल्या आया-बहिणींना तिथे बसवा. शाळा विकास आराखडा करणे हे त्या समितीचे काम आहे, मुख्याध्यापकाचे एकट्याचे नाही.

दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. आमच्या शाळेची संचमान्यता द्या, रिक्त पदे किती ते द्या, किती मुलांचे आधार जुळलेले नाही ते द्या. तो शेवटचा आकडा मिळाला की संगणक येणारी तुमच्यातली पोरे बसवा आणि एकेका घराचे कागद जुळवून द्या. हिंदूचे, बौद्धाचे, गोंडाचे, शेखाचे, सगळ्यांचे. त्या कामात जात विचारू नका.

समूह शाळेचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत ठराव घ्या. नाला कुठे, जंगल कुठे, सातवीच्या मुली किती, हे ठरावात लिहा. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर हा कागद बोलतो. आणि जूनमध्ये दारोदार फिरून पहिलीची नावे घाला. पट वाढवणे हा पट तोडणाऱ्यांना दिलेला सगळ्यांत सरळ जवाब आहे.

माझ्या शेजारचा तो मुलगा अजून राईस मिलमध्येच आहे. रविवारी मी आणि तो मिळून मोहल्ल्यातल्या पोरांचे दाखले आणि आधार कार्डे समोरासमोर ठेवून पाहतो. आतापर्यंत अकरा मुलांची नावे जुळवून घेतली. त्याने मला परवा पुन्हा विचारले, "चाचा, इससे मेरी नौकरी लग जाएगी क्या?"

मी म्हणालो, "तुझी लागेल की नाही, सांगता येत नाही. पण ही अकरा पोरे मोजली गेली नाहीत, तर कोणाचीच लागणार नाही."

तो काही बोलला नाही. पुढचा दाखला त्याने हातात घेतला.